शेवटचा शिक्का कधीचा?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘वाचायलाच हवीत अशी पुस्तकं’. मी त्यातला ‘च’ काढायला लावला. सक्तीनं वाचलेलं पुस्तक आणि सक्तीनं खाल्लेलं कारलं सारखंच. फरक एवढाच, की कारल्यानं निदान साखर उतरते म्हणतात.

सत्तावीस वर्षं मी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसले. सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, “बाई, काहीतरी चांगलं द्या.” चांगलं म्हणजे काय, हे मागणाऱ्याला सांगता येत नसे आणि मला ओळखता येत नसे. मग मी उलटं विचारायला लागले, “अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?” आवडलेलं पुस्तक विचारलं, की लोक मुलगी बघायला आल्यासारखे सांभाळून बोलतात आणि चार भारदस्त नावं घेतात. सोडलेलं विचारलं, की खरं बोलतात. “पन्नास पानं झाली तरी नायक गॅलरीतच उभा होता हो!” असं कुणी म्हणालं, की मला लगेच कळायचं याला काय द्यायचं ते.

आता एक कबुली देते. पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती तुम्हाला माहीत आहे. पुस्तक कुणी नेलं, की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो. वाचनालयात जागा पुरेनाशी झाली, की निर्लेखनाची यादी करायची असते. फाटलेली, कसर लागलेली आणि वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं दाखल नोंदवहीतून कमी करायची. कोणतं कमी करायचं हे बघायची सोपी युक्ती म्हणजे चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का. एका वर्षी मी असाच एक गठ्ठा सही करून रद्दीत दिला. त्यात एक बारकंसं पुस्तक होतं. दोन जाड कादंबऱ्यांच्या मध्ये दबलेलं, पाठीवर नावसुद्धा नाही. चिठ्ठीवर तीन शिक्के, शेवटचा बारा वर्षांपूर्वीचा. पुढच्याच जूनमध्ये एम.ए.ची एक मुलगी आली आणि म्हणाली, “ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ आहे का?” मी नोंदवही उघडली. दाखल क्रमांकासमोर लाल शाईत माझीच सही. रद्दीवाल्याकडे जाऊन आले, पण त्याचा माल केव्हाच गेला होता.

ही चूक जास्त बोचायचं कारण असं, की ते पुस्तक त्याआधीही एकदा असंच नाहीसं झालं होतं. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर स्वतःच्या तान्ह्या मुलाला मारल्याचा खटला चालला. आधी फाशी झाली, पुढे अपिलात शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या नीतीचा पंचनामा सुरू झाला. बुलढाण्याच्या ताराबाईंनी तो वाचला आणि उत्तर लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं या पुस्तकाचं नाव कुणाच्या तोंडी नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्याला ते आहे. माझ्या वाचनालयातली प्रत मालशांनीच परत आणलेली, आणि ती मी पुन्हा रद्दीत घातली.

मला त्या दिवशी एक गोष्ट कळली. आपण म्हणतो, चांगलं पुस्तक काळाच्या कसोटीवर टिकतं. साफ खोटं. काळ काहीही टिकवत नाही, काळाच्या बाजूनं वाळवी असते. पुस्तक परत येतं ते कुणाच्या तरी हातून. आणि आज छापलेलं पुस्तकही तसंच. पाचशेच्या आसपास प्रतींची आवृत्ती काढणारे प्रकाशक आजही आहेत. त्या पाचशे प्रती संपल्या, की तेही ताराबाईंच्याच रांगेत.

म्हणून निवृत्तीनंतर मी एक खोड लावून घेतली. पुस्तक सुचवायचं ते जोडीनं. एक जुनं, हरवून सापडलेलं आणि एक त्यामानानं नवं. दोन्ही एकमेकांना धक्का देतात आणि वाचणारा मध्ये सापडतो. यादी देणार नाही, पाच-सहा जोड्या सांगते.

ताराबाईंपासूनच सुरू करू. हे पुस्तक मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता एखादी तिखट जिभेची आत्या बोलत असावी, तशी ती भाषा आहे. ती पुरुषांना थेट ‘तुम्ही’ म्हणून धारेवर धरते. बायकांवर जे जे आरोप होतात ते एकेक उचलते आणि विचारते, हे दोष तुमच्यात नाहीत का? त्या काळच्या लोकप्रिय नाटक-कादंबऱ्यांमधल्या बायकांच्या चित्रणालाही सोडत नाही. म्हणजे मराठीतली एक फार लवकरची साहित्यसमीक्षा यात लपलेली आहे, आणि ती करणारी बाई विद्यापीठाच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही. मध्येमध्ये ती पुनरुक्ती करते, विषय सोडून जाते. जाऊ द्या की. रागावलेल्या माणसानं मुद्दे क्रमवार मांडावेत ही अपेक्षा फक्त ज्याच्यावर राग आहे तोच करतो.

याच्या जोडीला बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. शंभर वर्षांनंतरचं. बेबीताईंचं फलटणला छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेली रद्दीतली वर्तमानपत्रं त्या वाचायच्या. त्यांतूनच वाचनाची ओढ लागली, आणि मग नवऱ्याला कळू न देता लिहायच्या. कागद लपवून ठेवायच्या. वीस वर्षं! फलटणमध्ये मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या भाषाभ्यासक राहत. त्यांना या लेखनाविषयी कळलं, त्यांनी ते छापायला लावलं. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. बघा, इथंही एक हात आहेच.

या पुस्तकाचं नाव नीट ऐका. ‘जिणं माझं’ नाही, ‘आमुचं’. आत्मचरित्र म्हणून उघडाल तर लेखिका स्वतः फार कमी भेटेल. भेटेल तो वीरगावचा महारवाडा, तिथली भूक, आषाढ, अंगात येणाऱ्या बायका, सासुरवासात पिचलेल्या पोरी, आणि आंबेडकरांचं भाषण ऐकून एकाएकी ताठ झालेली माणसं. यातली सासू-सुनांची पानं वाचताना मी पुस्तक दोनदा मिटलं. ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. बेबीताई तर पुरुषांना सोडत नाहीतच, पण बाईनं बाईला कसं छळलं तेही लपवत नाहीत. दोन्ही एका आठवड्यात वाचा, मग मला भेटा.

इतकं वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्यांना एक पळवाट देते. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या आसपासच्या मुलीचा निबंध. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात आला. चहा गाळून निवेपर्यंत वाचून होतो. चहा मात्र गार होईल.

आता दुसरी जोडी, गोष्टीवेल्हाळ लोकांसाठी. त्यातलं जुनं पुस्तक ‘माझा प्रवास’. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरात कर्ज, मिळकत नाही. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल अशी बातमी आली, म्हणून हे काकांबरोबर निघाले. निघायचं वर्ष काय निवडलं? १८५७! महूजवळ शिपाई भेटतात आणि सांगतात, भटजी, पुढे जाऊ नका, भडका उडणार आहे. पण दक्षिणेच्या आशेपुढे भडक्याची काय कथा. पुढच्या वर्षी ब्रिटिश फौजेनं झाशीला वेढा घातला, तेव्हा विष्णुभट आत होते. आपल्याकडे सत्तावनवर पोवाडे पुष्कळ, पण लपून बसल्यावर तहान कशी लागते हे सांगणारा माणूस हाच. लुटलं जायचं, पुन्हा थोडं मिळवायचं, पुन्हा लुटलं जायचं. अखेर गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन हे गृहस्थ घरी परत येतात, आईवडिलांना स्नान घालायला. वाचताना माझा जीव त्या कावडीत अडकला होता. राज्य जातंय, शहरं जळताहेत, आणि मी म्हणतेय, पाणी सांडू नये म्हणजे झालं.

झाशी लुटली गेली तेव्हा तिथलं पुस्तकालयही उद्ध्वस्त झालं, ते विष्णुभट हळहळून नोंदवतात. सोनंनाणं गेल्याचं दुःख समजतं. पोथ्या गेल्याचं दुःख त्या धामधुमीत लक्षात ठेवून पंचवीस-सव्वीस वर्षांनी लिहिणारा माणूस मला आपल्या धंद्यातला वाटतो.

मात्र ‘माझा प्रवास’ घेताना आवृत्ती बघून घ्या, हे मी हात जोडून सांगते. विष्णुभटांनी हे लिहिलं चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली छापलं, पण भाषेवर हात फिरवून, काटछाट करून. काळ इंग्रजांचा, त्यामुळे त्यांना फार दोष देता येत नाही. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचलं, आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळबरहुकूम पाठ प्रसिद्ध केला. पोतदारांचा पाठ घ्या. थोडा खडबडीत आहे, पण तो विष्णुभटांचा आवाज आहे. वैद्यांच्या प्रतीत भटजींनी जणू धोतराला इस्त्री केली आहे. असंच लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चं. संक्षिप्त वाचून “मी वाचलंय” म्हणणारे निम्मे तरी असतील. पूर्ण वाचा. संक्षिप्तात गाळलेल्या बाई जास्त गमतीच्या आहेत.

याची जोडी नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’शी. १९९७ सालची कादंबरी. विष्णुभटांचं खरं लिखाण कादंबरीसारखं वाचलं जातं, आणि खऱ्यांची कादंबरी जुन्या बखरीचं सोंग घेते. अठरावं शतक, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चाललेल्या, आणि सांगणारा अंताजी काही शूरांच्या पंक्तीत बसणारा नव्हे. बंगालमधल्या बायाबापड्या मराठ्यांच्या नावानं पोरांना का झोपवत होत्या, हे आपल्याकडच्या इतिहासात आपण हळूच पान उलटून टाळतो. इथं ते पान उघडं ठेवलंय. ‘मराठ्यांचा अभिमान’ घेऊन हे पुस्तक उघडणाऱ्यांना मी आधीच सांगते, थोडं पाणी जवळ ठेवा. खरे पेशानं स्थापत्य अभियंता. त्यांच्या ‘उद्या’ या २०१४ च्या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी घेतला नाही. ‘उद्या’ही वाचा, पण ‘अंताजी’ पचल्यावर.

तिसरी जोडी माझी लाडकी आहे, आणि तिच्यात माझा एक सभासद आहे.

आमच्या वाचनालयाजवळ एक शिंपी होते. वर्गणी कधी थकवली नाही, पुस्तकाचा कोपरा कधी दुमडला नाही. पानात खूण म्हणून कापडाची चिंधी. पुस्तक परत आलं, की चिंधीवरून मला कळायचं गावात कुणाचा शर्ट शिवला गेला ते. त्यांनी उद्धव शेळके यांची ‘धग’ दोनदा नेली. १९६० सालची, वऱ्हाडातल्या एका शिंप्याच्या घरची कादंबरी. कौतिक ही बाई, नवरा महादेव आळशी, हातातून संसार निसटत चाललेला. ही बाई तो एकटीच्या ताकदीवर ओढते, मोलमजुरी करते, पोरगं शिकावं म्हणून धडपडते. शेळके तिच्याबद्दल हळवं एक वाक्य लिहीत नाहीत. सगळं काम वऱ्हाडी बोलीतली बोलणी करतात. पुण्या-मुंबईकडचे वाचक म्हणतात, बोली कळत नाही. पहिली वीस पानं नाही कळत, खरं आहे. बैलगाडीत बसल्यावर सुरुवातीला हाडं खिळखिळी होतातच, पुढे अंग लय पकडतं.

मग पुष्कळ वर्षांनी देवीदास सौदागर या तुळजापूरच्या लेखकाची ‘उसवण’ आली. २०२४ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. स्वतः शिलाईकाम केलेला, रखवालदारी केलेला माणूस. कादंबरीतला विठू शिंपी आहे, आणि बाजारात तयार कपडे आल्यावर त्याच्या मशीनचं काय होतं, याची ही गोष्ट. पुस्तक लहान आहे, आवाज चढवत नाही. माझी तक्रार एकच, काही प्रसंग लेखकानं फार लवकर उरकलेत. आणखी थोडा वेळ आम्हाला दुकानात बसवायला हवं होतं.

मी ती विकत घेतली आणि आमच्या शिंप्यांना नेऊन दिली. दुकानात आता नवे कपडे टांगलेले नव्हते. फॉल-पिको, पँटची चेन, बाही कमी करून देणं, एवढंच. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं, खूण म्हणून या वेळी चिंधी नव्हती, वर्तमानपत्राचा तुकडा होता. मी विचारलं, “कशी वाटली?” म्हणाले, “चांगली आहे. पण दिवसाढवळ्या दुकानात बसून वाचून झाली, बाई.”

मी ‘धग’ आणि ‘उसवण’ एकत्र का वाचते, ते मला तोवर नीट सांगता येत नव्हतं. ‘धग’मध्ये माणूस काम करत नाही, म्हणून घर बसतं. ‘उसवण’मध्ये माणूस मशीनवर बसून आहे, कामच येत नाही. मधल्या साठ वर्षांत काय झालं, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातही असेलच, पण मला ते या दोन शिलाई मशीनांमध्ये दिसलं.

बाकीच्या जोड्या भरभर सांगते, घड्याळ मलाही दिसतंय. मुंबईवर प्रेम असेल, तर मूळच्या मडगावच्या गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’, १८६३ सालचं. बाजार, धंदे, जातीपाती, आगगाडी, कापसाचा पैसा, सगळं डोळे विस्फारून बघितलेलं. त्याच्यानंतर लगेच मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ घ्या. गिरणगावची माणसं स्वतःच्या तोंडानं बोलतात, १९८२ च्या संपापर्यंत आणि त्याच्या पुढेही. माडगावकरांनी बघितलेला कापूस शेवटी कुठे गेला, ते कळतं. धरणानं उठवलेल्या गावांविषयी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ तुम्ही वाचली असेल. मग कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचा. मागे राहिलेल्या म्हशी आणायला माणूस जुन्या गावात जातो, एवढंच कथानक. म्हशी रानटी झालेल्या आहेत, आणि हळूहळू प्रश्न पडतो, आणखी कोण कोण झालंय.

आणि एक जोडी एकाच घरातली. नवऱ्यानं १९३९ साली ‘रणांगण’ लिहिली, युरोपातून निघालेल्या बोटीवरची, ज्यू निर्वासितांसोबतची. बायकोनं १९५० साली ‘बळी’ लिहिली, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवत त्या वसाहतीवरची. तिथं त्यांनी स्वतः काम केलं होतं. विश्राम बेडेकर आणि मालतीबाई, म्हणजेच विभावरी शिरूरकर. ‘रणांगण’चं नाव सगळे घेतात. ‘बळी’ माझ्या मते तोडीस तोड आहे. सुरुवात ‘बळी’पासून करा, मुद्दाम.

हे सगळं मिळायचं कुठं, हा प्रश्न येणारच. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं मिळणं उलट सोपं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनाचे हक्क मोकळे होतात, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. त्यामुळे जुनी पुस्तकं कुणीही छापू शकतो, विकिस्रोतावर किंवा महाजालावरच्या संग्रहांत ती फुकट सापडतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही पुष्कळ आहे. नवं तर दुकानात असतंच. अडकतं ते मधलं. १९५० ते १९९० च्या काळातलं. हक्क मोकळे नाहीत, प्रकाशन बंद पडलेलं, वारस सापडत नाहीत, सापडले तर तीन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. ही पुस्तकं फक्त वाचनालयांच्या मागच्या कपाटांत आहेत, आणि तिथं माझ्यासारखी कुणीतरी लाल शाईचं पेन घेऊन बसलेली आहे. तेव्हा अशी पुस्तकं नुसती नेली तरी पुरे. वाचली नाहीत तरी चालेल, शिक्का पडला पाहिजे. हे मी ग्रंथपालांच्या बैठकीत बोलले असते, तर मला खाली बसवलं असतं.

इथं टेबलावर आठ पुस्तकं ठेवली आहेत, माझ्या स्वतःच्या प्रती. ‘धग’ जुनी आहे, बांधणी सैल आहे, बाराव्या आणि तेराव्या पानाला जपा. न्यायची असतील तर शेजारच्या वहीत नाव लिहा, तारीख लिहा. फोन नंबरही लिहा. मागच्या गावात सहा गेली होती, चार परत आली.